एका अदलाबदलीची वंशावळ

इतिहासाचा माग काढण्याचे मार्ग अनेक आहेत. राजघराण्याचा इतिहास वंशावळीवरून लागतो, जमिनीचा खरेदीखतांवरून लागतो आणि पेढीचा तिच्या खतावण्यांवरून. अमेरिकेतील बेसबॉलचे अभ्यासक आपल्या आवडत्या संघाचा इतिहास याहून निराळ्या आणि काहीशा चमत्कारिक साधनाने लावतात. एका संघाने दुसऱ्या संघाला कोणता खेळाडू दिला, त्याच्या मोबदल्यात कोणता घेतला, आणि त्या घेतलेल्या खेळाडूला देऊन पुढे कोणाला मिळविले, असा धागा ते वर्षानुवर्षे पुढे नेत राहतात. वंशावळीत बापाच्या नावाखाली मुलाचे नाव यावे, तसे येथे गेलेल्या खेळाडूच्या नावाखाली आलेल्याचे नाव येते. कधी हा धागा दोन पायऱ्यांतच तुटतो. कधी तो तीस-पस्तीस वर्षे चालतो, आणि ज्या माणसापासून तो निघाला त्याचे नाव पुढच्या पिढीच्या प्रेक्षकांना ठाऊकही नसते.

या नादाला कोणी रिकामपणाचा उद्योग म्हणेल. परंतु अशा एखाद्या साखळीचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, तर खेळाच्या मैदानापलीकडचा इतिहासही तिच्यातून उलगडतो. मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या सेंट लुई शहराच्या कार्डिनल्स या संघाची एक साखळी अशीच आहे. ती १९५७ साली सुरू झाली आणि १९९४ साली संपली. तिच्या मध्यभागी उभा असलेला माणूस म्हणजे कर्ट फ्लड. साखळीतील कडी होण्यास ज्याने साफ नकार दिला, असा तो खेळाडू होय.

बेसबॉल हा क्रिकेटप्रमाणेच चेंडू आणि दांडू यांचा खेळ. मैदानावर प्रत्येक बाजूचे नऊ खेळाडू उतरतात. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि मैदानाच्या दूरच्या मध्यभागी उभा राहून उंच उडालेले चेंडू झेलणारा मध्यरक्षक हा संघाचा मोठाच आधार असतो. व्यावसायिक संघांच्या दोन मोठ्या संघटना आहेत. एक १८७६ साली स्थापन झालेली नॅशनल लीग, आणि दुसरी १९०१ पासून तिच्या बरोबरीला आलेली अमेरिकन लीग. या दोहोंच्या विजेत्यांमध्ये दरसाल शरदात जी झुंज होते ती वर्ल्ड सिरीज.

संघाने खेळाडू ‘देणे’ म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. देवघेव होते ती करारपत्राची. पण करारपत्राबरोबर माणसालाही गाव सोडून जावे लागते. १८७९ साली नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरविले की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या कोणी कामावर घेऊ नये. पाचांपुरता असलेला हा संकेत पुढे सर्व खेळाडूंना लागू झाला आणि ‘राखीव कलम’ या नावाने प्रत्येकाच्या करारात शिरला. करार एका वर्षाचा असे. परंतु मुदत संपली की तो आणखी एका वर्षापुरता वाढविण्याचा हक्क मालकाकडे राही, आणि वाढविलेल्या करारातही तेच कलम असल्यामुळे या वाढीला अंत म्हणून नसे. खेळाडूपुढे दोनच वाटा असत. आहे त्या मालकाकडे खेळावे, नाही तर खेळच सोडावा. मालकाला मात्र खेळाडू दुसऱ्याला देता येई, विकता येई, किंवा काढूनही टाकता येई.

न्यायासनाकडूनही खेळाडूंना दिलासा मिळाला नाही. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिलेल्या निकालपत्रात, बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू पडत नाही, असे ठरविले. १९५३ साली त्याच न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. एखादी हुंडी या हातातून त्या हातात जावी, तसे खेळाडू या शहरातून त्या शहरात जात राहिले. हुंडीला घरदार नसते, एवढे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही.

आता मूळ साखळीकडे वळू. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये बिंग डिव्हाइन हे कार्डिनल्सचे व्यवस्थापक झाले. खेळाडूंच्या देवघेवीचा कारभार त्यांच्या हाती आला. ५ डिसेंबर रोजी त्यांनी आपली पहिली अदलाबदल केली. विलर्ड श्मिट, मार्टी कुटायना आणि टेड वीअँड हे तीन पिचर सिनसिनाटीच्या संघाला देऊन त्यांनी दोन खेळाडू घेतले. त्यांतला एक कर्ट फ्लड. वय अवघे एकोणीस. ह्यूस्टन येथे जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात वाढलेला हा कृष्णवर्णीय तरुण त्या हिवाळ्यात व्हेनेझुएलात खेळत होता. आपला संघ बदलल्याचे त्याला परदेशातच कळले. त्याला कोणी विचारले नव्हते; विचारण्याचा रिवाजच नव्हता.

सौदा कार्डिनल्सला विलक्षण लाभदायक ठरला. फ्लड सेंट लुईत बारा वर्षे खेळला. १९६३ पासून १९६९ पर्यंत लागोपाठ सात वर्षे क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ हा बहुमान त्याने मिळविला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून क्षेत्ररक्षणात एकही चूक झाली नाही. १९६४ आणि १९६७ साली वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघाचा तो मध्यरक्षक होता. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात मात्र डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपने मारलेल्या एका उंच चेंडूचा अंदाज त्याला आला नाही, आणि अजिंक्यपद गेले. पुढच्या हंगामात संघ मागे पडला.

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिनल्सने फ्लड आणि त्याचे तीन सहकारी फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाला देऊ केले आणि त्या बदल्यात डिक ॲलन, कुकी रोहास व जेरी जॉन्सन हे तिघे घेतले. डिव्हाइन मधली काही वर्षे संघाबाहेर होते. पण यावेळी ते पुन्हा त्याच खुर्चीवर होते. ज्यांनी फ्लडला आणले, त्यांनीच त्याला पाठवून दिले. अदलाबदलीची बातमी फ्लडला दूरध्वनीवरून मिळाली. बारा वर्षांच्या संसाराचा निकाल एका संभाषणात लागला.

या सौद्याचे एक वैशिष्ट्य नमूद करण्याजोगे आहे. डिक ॲलन हाही कृष्णवर्णीय. तो असामान्य ताकदीचा फटकेबाज होता. पण फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर वस्तू फेकण्यापर्यंत मजल नेल्यामुळे तो क्षेत्ररक्षण करतानाही डोक्यावर शिरस्त्राण घालीत असे. ते शहर सोडून जाण्यासाठी तो उतावीळ झाला होता. म्हणजे एका बाजूचा माणूस सुटका झाल्याच्या आनंदात, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला नेमके त्याच शहरी जाणे नामंजूर. कागदावर मात्र दोघांच्या नावांपुढे एकच शब्द लिहिलेला होता: अदलाबदल.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. बारा वर्षे या खेळात काढल्यानंतर आपल्या इच्छेची पर्वा न करता खरेदी-विक्री करावी अशी आपण एक मालमत्ता आहोत, हे आपल्याला मान्य नाही, असा त्याचा आशय होता. इतर संघांकडूनही देकार ऐकण्याचा आपला हक्क आहे, असे त्याने कळविले. आयुक्तांनी ती मागणी अमान्य केली. १९७० च्या जानेवारीत फ्लडने दावा लावला. त्याचे वर्षाचे वेतन तेव्हा ९० हजार डॉलर होते. त्या काळी ती रक्कम मोठी होती, आणि ती सोडून तो न्यायालयाची पायरी चढत होता. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने खर्चाचा भार उचलला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी वकीलपत्र घेतले. या खेळातील वर्णभेदाची भिंत १९४७ साली ओलांडणारा जॅकी रॉबिन्सन साक्षीला उभा राहिला. परंतु त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. मालकांची भीती कोणाला नव्हती?

१९ जून १९७२ रोजी निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडचा दावा फेटाळला. बेसबॉलला मिळालेली सूट ही विसंगती आहे, असे न्यायालयानेच म्हटले. पण ती दूर करायची तर ते काम कायदेमंडळाचे आहे, असे सांगून ते मोकळे झाले. नवव्या न्यायमूर्तींनी, लुइस पॉवेल यांनी, निकालात भाग घेतला नाही. कारण कार्डिनल्सची मालकी असलेल्या मद्यनिर्मिती कंपनीचे समभाग त्यांच्याकडे होते. दरम्यान फ्लडची कारकीर्द संपली होती. १९७० चा सारा हंगाम तो घरी बसला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडून तो अवघे तेरा सामने खेळला आणि खेळ सोडून निघून गेला.

फ्लडने पाठ फिरवली म्हणून सौदा मोडला नाही. ठरलेला माल पोचला नाही, तर व्यापारी दुसरा देऊन भरपाई करतो. कार्डिनल्सनेही तेच केले. फ्लडऐवजी त्यांनी फिलाडेल्फियाला विली मोंटान्येझ आणि आणखी एक तरुण खेळाडू असे दोघे दिले. त्यातून फिलाडेल्फियाच्या बाजूची एक साखळी निघाली. १९७५ च्या मे महिन्यात मोंटान्येझला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन त्यांनी गॅरी मॅडॉक्स हा मध्यरक्षक घेतला. मॅडॉक्सने लागोपाठ आठ वर्षे गोल्ड ग्लव्ह मिळविला. १९८० साली फिलाडेल्फियाने आपल्या इतिहासातील पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा तोच त्यांचा मध्यरक्षक होता. ज्या जागेसाठी त्यांनी फ्लडला मागितले होते, ती जागा अशा आडवळणाने भरून निघाली.

सेंट लुईच्या बाजूची साखळी याहून लांब आहे. डिक ॲलन तेथे एकच हंगाम राहिला. त्या हंगामात त्याने ३४ होम रन मारले. तरीही १९७० च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिनल्सने त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला देऊन टेड साइझमोर आणि बॉब स्टिन्सन यांना घेतले. साइझमोर हा शांत, सोशिक खेळाडू. १९७४ साली लू ब्रॉकने एका हंगामात ११८ वेळा धावचोरी करून तेव्हाचा विक्रम केला, त्यावेळी फलंदाजीच्या क्रमात त्याच्या पाठोपाठ साइझमोर येत असे. ब्रॉकला धावण्याची संधी मिळावी म्हणून तो हाताशी आलेले चेंडू मुद्दाम सोडून देई. १९७६ च्या मार्चमध्ये तो डॉजर्सकडे परत गेला आणि त्याच्या जागी विली क्रॉफर्ड आला. क्रॉफर्ड एकच हंगाम राहिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याला आणखी दोघांसह सॅन फ्रान्सिस्कोकडे धाडण्यात आले आणि जे तिघे आले त्यांत डेव्ह रेडर होता. रेडरही एकच हंगाम राहिला. डिसेंबर १९७७ मध्ये तो एका सहकाऱ्यासह शिकागोच्या कब्ज संघाकडे गेला, आणि तिकडून जेरी मोरालेस व स्टीव्ह स्विशर आले. मोरालेसही वर्षभरातच हलला. डिसेंबर १९७८ मध्ये त्याला एका सहकाऱ्यासह डेट्रॉइटला देऊन बॉब साइक्स हा पिचर घेण्यात आला.

ही नावे ऐकताना कोणाला वाटेल की, साखळीतला जीव आता संपत आला. क्रॉफर्ड, रेडर, मोरालेस यांपैकी प्रत्येकाचा मुक्काम धर्मशाळेत उतरलेल्या पांथस्थासारखा. त्यांच्या बायकामुलांनी किती घरे बदलली असतील, याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडत नाही. पण २१ ऑक्टोबर १९८१ रोजी कार्डिनल्सने साइक्सला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला दिले आणि त्याच्या बदल्यात मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला एक तरुण घेतला. त्याचे नाव विली मॅगी. साइक्स त्यानंतर मोठ्या लीगमध्ये एकदाही खेळला नाही. मॅगीने मात्र पहिल्याच वर्षी, १९८२ च्या वर्ल्ड सिरीजमधील तिसऱ्या सामन्यात, दोन होम रन मारले आणि भिंतीवर झेपावून मिलवॉकीचा होणारा एक होम रन हिरावून घेतला. कार्डिनल्सने ती मालिका जिंकली. १९८५ साली मॅगीने ०.३५३ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही पटकावला. तो खेळत असे ती जागा मध्यरक्षकाची. फ्लडची रिकामी झालेली जागा त्याच्याच साखळीतून उगवलेल्या माणसाने भरून काढली.

शिकागोहून आलेल्या स्विशरपासून या वंशावळीला दुसरी फांदी फुटते. डिसेंबर १९८० मध्ये अनेक खेळाडूंच्या एका मोठ्या सौद्यात तो सॅन डिएगोला गेला, आणि त्या सौद्यातून रॉली फिंगर्स हा नामांकित पिचर आला. चारच दिवसांनी फिंगर्सला आणखी दोघांसह मिलवॉकीला देऊन चार खेळाडू घेण्यात आले. त्या चौघांपैकी सिक्स्टो लेस्कानो पुढे ओझी स्मिथसाठी झालेल्या सौद्यात खर्ची पडला, तर डेव्हिड ग्रीन आणि डेव्ह लापॉइंट हे १९८५ साली जॅक क्लार्कसाठी झालेल्या सौद्यात गेले. ऐंशीच्या दशकात कार्डिनल्स तीन वेळा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, त्यामागे मॅगी, स्मिथ आणि क्लार्क यांचा मोठा हात होता.

तथापि येथे इतिहासकाराने सावध राहावयास हवे. अकरा-अकरा माणसांच्या सौद्यात एका स्विशरचा वाटा किती? दोरीत अनेक धागे असतात. त्यांतला एकच धरून दोरीचे सारे बळ त्याचे आहे, असे म्हणता येत नाही. फ्लड नसता तर ओझी स्मिथ आला नसता, हे विधान पुराव्याला धरून होणार नाही. साखळी फक्त क्रम सांगते. कार्यकारणाचा निवाडा तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. मात्र तिच्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. फ्लडनंतरच्या पंचवीस वर्षांत संघाच्या खतावणीत ‘दिले’ आणि ‘घेतले’ असे दोन रकाने अखंड चालू होते, आणि त्या रकान्यांत माणसांची नावे होती.

मैदानाबाहेर याच काळात नियम बदलत होते. १९७३ च्या करारात असे ठरले की, ज्याने मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे काढली असून त्यांतील अखेरची पाच एकाच संघात काढली आहेत, त्याला त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे देता येणार नाही. या नियमाला फ्लडचेच नाव मिळाले. तो चार वर्षे आधी आला असता, तर फ्लडला पत्र लिहावे लागले नसते. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या तक्रारीवर निर्णय दिला. करार संपल्यावर मालकाला तो एकच वर्ष वाढविता येतो. त्यानंतर खेळाडू मोकळा, असा त्याचा अर्थ होता. हा विजय फ्लडच्या दाव्याचा नव्हे, हे खरे. तो न्यायालयात न मिळता लवादापुढे मिळाला. पण राखीव कलमाचा प्रश्न चव्हाट्यावर आणण्याचे काम फ्लडने केले होते, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली होती. पुढे १९७६ च्या करारान्वये सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला मुक्त होण्याचा हक्क मिळाला.

या नव्या जगात आपल्या साखळीच्या शेवटच्या दोन कड्या पडल्या. २९ ऑगस्ट १९९० रोजी मॅगीला ओकलंडला देण्यात आले. गंमत अशी की, तोपर्यंतच्या त्याच्या ०.३३५ या सरासरीला नॅशनल लीगमध्ये शेवटपर्यंत कोणी मागे टाकू शकले नाही, आणि ती लीग सोडून गेलेला माणूस तिचा अव्वल फलंदाज ठरला. त्याच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी फेलिक्स होसे याला १९९३ च्या फेब्रुवारीत एका सहकाऱ्यासह कॅन्सस सिटीला देण्यात आले आणि ग्रेग जेफरीज आला. जेफरीजने पहिल्या हंगामात ०.३४२ आणि दुसऱ्यात ०.३२५ अशी सरासरी राखली. दुसरा हंगाम १२ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झालेल्या खेळाडूंच्या संपामुळे अर्ध्यावरच थांबला. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही.

जेफरीजचा करार संपला होता. सहा वर्षांची सेवाही झाली होती. त्याने इतर संघांचे देकार ऐकले आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्यांतला एक स्वीकारला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात फ्लडने पत्रात मागितले होते ते नेमके हेच. जेफरीज ज्या संघाकडे गेला तो संघ होता फिलाडेल्फियाचा फिलीज. फ्लडने ज्या शहरी जाण्यास नकार दिला, त्याच शहरी त्याच्या साखळीतील शेवटचा माणूस आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने गेला. शहर चांगले की वाईट, हा वाद मुळात नव्हताच. तेथे जावे की न जावे हे कोणी ठरवावे, एवढाच तो वाद होता.

आजही सहा वर्षे न भरलेल्या खेळाडूला त्याच्या इच्छेविरुद्ध दुसरीकडे पाठविता येते. अदलाबदल संपलेली नाही आणि अभ्यासकांच्या वंशावळीही वाढत आहेत. फ्लड २० जानेवारी १९९७ रोजी वारला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कायदेमंडळाने त्याच्या नावाचा कायदा करून मोठ्या लीगच्या खेळाडूंना त्यांच्या नोकरीच्या बाबतीत मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. सेंट लुईच्या खतावणीत जेफरीजच्या नावासमोर, ‘घेतले’ या रकान्यात, कोणाही खेळाडूचे नाव नाही. हिशेबनिसाला ते नुकसान दिसेल. पण त्या कोऱ्या जागेवर कर्ट फ्लडचे नाव लिहिले, तर जमाखर्च बरोबर जुळतो.